ड्रॅगनवर बसणारी पोरगी स्ट्राँग, मग न वाचता सही करणारी आई कोण?

पत्र असं आहे, थोडं छाटून देतेय:

"नमस्कार ताई. मी इंदिरानगरला राहते, वय 47, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. लेक एसवायला आहे. ती सतत ती जाडजूड इंग्लिश फँटसीची पुस्तकं वाचते, तिच्या सगळ्या ग्रुपचं म्हणणं आहे की त्यातल्या हिरॉइन म्हणजे एकदम स्ट्राँग, आमच्या वेळच्या कादंबऱ्यांतल्या बायकांसारख्या रडक्या नाहीत. मागच्या महिन्यात धाकटे दीर आले होते, निफाडच्या बागेला प्लास्टिक कव्हर टाकायला बँकेचं कर्ज काढतायत, त्याला जामीनदार हवा होता. ह्यांनी कागद पुढे केले, मी गॅसवर चहा ठेवून आले आणि पेन्सिलने फुल्या होत्या तिथे तिथे सह्या केल्या. लेक समोरच बसलेली. दीर गेल्यावर म्हणाली, आई, तू स्वतःच्याच स्टोरीत साइड कॅरेक्टर आहेस, माझ्या पुस्तकातली कुठलीही पोरगी असती तर कागद तोंडावर फेकले असते. मला फार लागलं. मग मी हट्टाने तिचंच पुस्तक घेतलं, ए कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस, मोबाइलवर डिक्शनरी उघडून पहिला भाग अख्खा वाचला. मला तर ती मुलगी सारखी कुठेतरी अडकलेली आणि कोणीतरी सोडवतंय अशीच दिसली. ह्या मुलींचं एवढं कौतुक खरंच योग्य आहे का, की मीच जुन्या वळणाची? लेकीशी काय बोलू? आणि दुसरा भाग वाचू का?"

ताई,

तुम्हाला बहुतेक वाटत असेल की मी आता लिहीन, अहो खरी स्ट्राँग तर आईच असते, घर नोकरी पोरं सगळं सांभाळते, तिच्यापुढे ड्रॅगन काय नि तलवार काय. नाही लिहिणार. असलं आपण मदर्स डेला फॉरवर्ड करून करून पार गुळगुळीत केलंय, आणि लेकीला ते ऐकवलंत तर ती डोळे फिरवून हेडफोन घालेल, मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. सहीच्या बाबतीत पोरगी शंभर टक्के बरोबर आहे. बोलली आगाऊपणाने, ते वेगळं. पुस्तकांच्या बाबतीत मात्र तिचं अर्धंच बरोबर आहे आणि ते अर्धं कुठलं यावर तुमचं दोघींचं मस्त भांडण होऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुढे भरपूर गोष्टी फोडल्यात, ज्यांना स्पॉयलर चालत नाहीत त्यांनी इथेच थांबा.

आधी तुमचा मुद्दा. सारखं कोणीतरी वाचवतं म्हणून ती कमजोर, हे मला पटत नाही. फँटसीत वाचवलं सगळ्यांनाच जातं हो. लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये शेवटी शेवटी हिरो फ्रोडोला पाऊल टाकवत नाही तेव्हा त्याचा सोबती सॅम त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढतो, लोक 1955 पासून ते वाचून डोळे पुसतायत, फ्रोडोला कोणी बिचारा अबला म्हटल्याचं ऐकलंय का? त्याच भागात एओविन आहे, राजाची भाची, तिला सांगितलेलं असतं की तू मागे राहा आणि लोकांना सांभाळ, ती पुरुषाच्या वेषात सैन्यात घुसते आणि त्या काळ्या स्वारांच्या म्होरक्याला मारते. रील्सवर तेवढंच फिरतं. पण मेरी नावाच्या हॉबिटने, म्हणजे बुटक्या जमातीतल्या एकाने, मागून त्या म्होरक्याच्या गुडघ्याच्या लवणीत तलवार खुपसली नसती तर पुढचं सगळं अवघड होतं. मदत झाली म्हणून तिचं काय कमी झालं? मला तर लढाईपेक्षा आधीचं तिचं अ‍ॅरागॉर्न या योद्ध्याशी झालेलं भांडण जास्त आवडतं, तिथे ती त्याला तोंडावर सांगते की मला मरणाची भीती नाही, पिंजऱ्यात म्हातारी होण्याची आहे. तो सीन कोणी रीलला लावत नाही, कारण त्यात तलवार नाही.

तर वाचवलं की नाही वाचवलं हे सोडून द्या. मी ही पुस्तकं वाचताना एकच बघते, गोष्टीतली माहिती कोणाच्या खिशात आहे. हिरॉइनला काय चाललंय ते माहीत आहे का, तिला ते कोण सांगतं, कधी सांगतं, आणि तिला न विचारता बाकीच्यांनी तिच्याबद्दल काय काय ठरवून टाकलेलं असतं. या मापाने मोजलं ना की मोठमोठ्या तलवारवाल्या एकदम बारीक होतात आणि काही भलत्याच पुढे येतात.

तुम्ही वाचलेल्या पुस्तकातल्या फेयराचंच घ्या. सुरुवात बघा तिची, उपाशी घर, बर्फ, जंगल, ती धनुष्य घेऊन शिकारीला गेलीय, लांडगा दिसतो, तो साधा लांडगा नसेल अशी शंका तिला येते आणि तरी ती बाण सोडते. चांगलं का वाईट ते सोडा, ठरवलं तिने, तिला जेवढं कळत होतं त्यावर ठरवलं आणि त्याची किंमत तिलाच भरावी लागली. इथपर्यंत मी लेकीच्या बाजूने. मग ती टॅमलिन नावाच्या जादुई सरदाराच्या हवेलीत जाते आणि तिथून शेकडो पानं परिस्थिती अशी की त्या घरात सगळ्यांना शाप माहीत आहे, शापाचा अख्खा भार हिच्यावर आहे हेही माहीत आहे, आणि हिलाच पत्ता नाही! ती आपली बागेत चित्रं काढतेय. जादूमुळे त्यांना सांगता येत नव्हतं हे मान्य, पण ती जादू लेखिकेनेच घातलीय ना.

नंतर टॅमलिनच्या सुटकेसाठी ती दुष्ट राणीच्या तीन परीक्षा देते, त्यातली दुसरी आठवते? भिंतीवर प्रश्न लिहिलाय, तीन खटके आहेत, वरून खिळ्यांचं छत खाली येतंय, बाजूला टॅमलिनचा मित्र ल्युसियन साखळीला बांधलेला, आणि फेयराला वाचता येत नाही. उत्तर तिथे समोर अक्षरांत आहे आणि तिला ती लागत नाहीत. मग ऱ्हायसँड, दुसरा एक जादुई सरदार, तिच्या तळहातावरच्या टॅटूतून कळ पाठवून पाठवून कुठला खटका ओढायचा ते सुचवतो आणि ती सुटते. तुम्ही बहुतेक याच सीनला वैतागला असाल. मला मात्र हा त्या पुस्तकातला सगळ्यात खरा सीन वाटतो, कारण लेखिकेने इथे नेमकं दुखणं दाखवलंय, हिचं अडतंय ते ताकदीवाचून नाही, वाचता येण्यावाचून.

आणि त्याच्या आधीचा कोठडीतला सीन तुम्ही घाईत वाचला असाल तर परत काढा. हात मोडलाय, जखम सडलीय, तापाने फणफणलीय, आणि ऱ्हायसँड येऊन म्हणतो, बरी करतो पण दर महिन्याला दोन आठवडे माझ्याकडे यायचं. ती तशा अवस्थेत घासाघीस करते. शेवटी एका आठवड्यावर आणून ठेवते त्याला! आता लेकीला विचारा, हिने कागद तोंडावर फेकले का गं? नाही फेकले, फेकून भागणारच नव्हतं, तिने अट समजून घेतली, कमी करून घेतली आणि मग हो म्हटलं. मी जर त्या पुस्तकातल्या एका जागेसाठी फेयराला शाबासकी देणार असेन तर ती ही. कौतुक होतं ते मात्र पहिल्या परीक्षेत त्या राक्षसी किड्याला मारलं त्याचं.

आता ड्रॅगनवाली, लेकीने वाचलीच असणार, फोर्थ विंग, 2023 चं. त्यातली हिरॉइन व्हायलेट, तिचे सांधे जरा हिसका बसला की निखळतात, तिला ग्रंथ सांभाळणाऱ्यांच्या शाखेत जायचं होतं, तिची आई सैन्यात जनरल, ती जबरदस्तीने तिला ड्रॅगनस्वारांत ढकलते. (ही आई स्ट्राँग आहे बरं का, पदकं वगैरे सगळं, बोला, हवी का?) कॉलेजात जीव घेणाऱ्या कुस्त्या असतात, व्हायलेट जिंकणं शक्यच नाही, मग ती काय करते तर आपली लढत कोणाशी आहे ते आधीच काढते आणि समोरच्याला हळूच काहीतरी विष चारून ठेवते, मरणार नाही पण मॅटवर गळपटेल इतपत. लबाडी आहे, पण मला जाम आवडली, कारण इथे माहिती हिच्या खिशात आहे. ड्रॅगन मिळाल्यावर पुस्तकाची गाडी झेडेनकडे, म्हणजे तिच्या हिरोकडे वळते, आणि झेडेनला राज्याचं सगळ्यात मोठं गुपित माहीत आहे, हिला नाही, हे शेवटाला कळतं. विष कालवणारी हुशार पोरगी आणि हीच ती, जिच्या बिछान्यातल्या माणसाने एवढं लपवलंय नि हिला वासही नाही.

बघा, हा पॅटर्न एकदा दिसला की सगळीकडे दिसायला लागतो. काळे कपडे, उंच, कमी बोलणारा, आणि त्याच्याकडे गुपित. तो सांगत नाही कारण "तुझ्या भल्यासाठी". हिरॉइन आठ दिवस रागावते, मग तो सगळं सांगतो, मग माफी, मग पुढचं तुम्हाला माहीतच आहे. रोमान्सचं इंजिनच त्याच्यावर चालतं, गुपित नसेल तर पाचशे पानं ओढायची कशी, आणि गोष्ट "मी" म्हणून सांगायची असली की वाचकाला उशिरा कळायला हवं म्हणून तिलाही उशिरा कळायला लागतं. लेखिकेची अडचण मला समजते. पण किंमत हिरॉइन भरते ना.

सगळ्यात कहर म्हणजे त्याच मालिकेतलं 2021 चं पुस्तक, ए कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स. तोवर फेयरा ऱ्हायसँडच्या बरोबरीची राज्यकर्ती झालीय, हाय लेडी, नुसती राजाची बायको नाही, आणि याच पदासाठी सगळा फॅनवर्ग तिच्यावर जीव टाकतो. तिला दिवस गेलेत. बाळाला पंख आहेत, तिच्या शरीरातून ते बाहेर येणं शक्य नाही, बाळंतपणात ती मरेल. हे तिच्या नवऱ्याला माहीत, जवळच्या गोतावळ्याला माहीत, वैद्याला माहीत. तिला नाही. तिच्या पोटाची गोष्ट, तिच्या मरणाची गोष्ट, आणि हॉलमध्ये सगळे तिच्याशी हसून बोलतायत! शेवटी बहीण नेस्टा रागाच्या भरात बोलून जाते तेव्हा तिला कळतं. आणि मग पुस्तकात बोल कोणाला लागतो? नवऱ्याला म्हणावा तसा नाहीच, उलट नेस्टालाच शिक्षा म्हणून डोंगर चढायला नेतात. मी तो भाग वाचून पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. मुकुट डोक्यावर, आणि स्वतःचा रिपोर्ट दुसऱ्याच्या खिशात.

लेक म्हणेल हॅरी पॉटरपासूनही त्याच्या हेडमास्तरने, डंबलडोरने, सगळं लपवलंच की, तो तर मुलगा आहे. बरोबर म्हणेल. पण पाचव्या भागात जवळचा माणूस गमावल्यावर हॅरी डंबलडोरच्या ऑफिसातल्या वस्तू फोडतो आणि म्हातारा समोर बसून त्याच्याबद्दलची भविष्यवाणी सांगतो नि कबूल करतो की हे माझं चुकलं. म्हणजे पुस्तकालाच माहीत आहे की हा अन्याय होता. हिरोपासून लपवलं की तो दगा आणि हिरॉइनपासून लपवलं की ते प्रेम, एवढा फरक मला खटकतो, बाकी लपवाछपवीला माझी काही हरकत नाही.

आणि साइड कॅरेक्टर म्हणाली ना ती? मग हॅरीची मैत्रीण हरमायनी कोण आहे म्हणावं. पुस्तकांवर नाव तिचं नाही, भविष्यवाणी तिच्याबद्दल नाही, पण माहितीचा डबा तिच्याकडे, लायब्ररीत जाऊन काढून आणणार तीच. शेवटच्या भागात, 2007 च्या, ती निघायच्या आधी आई-वडिलांच्या डोक्यातून स्वतःची आठवणच पुसून टाकते आणि त्यांना ऑस्ट्रेलियाला पाठवून देते, त्यांना आपल्याला मुलगी होती हेच माहीत नाही. त्यांना विचारलं का तिने? नाही विचारलं, म्हणजे माझ्या मापाने इथे लपवणारी तीच आहे, आणि तरी तो निर्णय ती कोणाच्या खांद्यावर न टाकता एकटी घेते आणि वागवते, हॅरीलासुद्धा नंतर कळतं. स्ट्राँग म्हणजे गोड असलंच पाहिजे असं कुठे आहे.

आपल्याकडचं बोलायचं तर द्रौपदी. भर सभेत हातात काही नाही, आणि ती विचारते काय, तर आधी स्वतःला हरले की मला? कायद्याचा मुद्दा! भीष्मांनासुद्धा धड उत्तर देता आलं नाही. गंमत म्हणजे इरावतीबाई कर्व्यांना युगान्तमध्ये तो प्रश्न विचारणं ही द्रौपदीची चूक वाटते, नव्या सुनेने तिथे पांडित्य दाखवायला नको होतं अशा अर्थाचं त्या लिहितात, आणि इथे माझं नि बाईंचं जमत नाही. तसं आपण नाशिककर काय बोलणार म्हणा, एका बाईने स्वतःहून मागणी घातली म्हणून तिचं नाक कापलं ती जागा आपण तपोवनात पाहुण्यांना हौसेने दाखवतो आणि पुढे मिसळ खायला नेतो.

असो. लेकीशी काय बोलायचं. पुस्तक वाईट आहे असं म्हणू नका, तुम्ही पहिला भाग संपवलाय हेच तिच्यासाठी मोठं आहे, तिच्या ग्रुपमध्ये किती जणींच्या आयांनी वाचलंय विचारा. तिला कोठडीतली घासाघीस काढून दाखवा आणि म्हणा मला ही फेयरा आवडली, किड्यावाली नाही, तू सांग तुला का आवडते. मग त्या बाळंतपणाच्या भांडणाला हात घाला, तिने तिथवर वाचलं असेल तर तुम्हाला फार बोलावंही लागणार नाही, या एका मुद्द्यावर फॅन पोरीसुद्धा आपसात तावातावाने भांडतात. आणि तुमचं लागलं ते सरळ सांगा, साइड कॅरेक्टर म्हणालीस ते लागलं, सहीचं म्हणणं खरं होतं. दोन्ही एका दमात. पोरी आयांकडून असलं ऐकायला तयारच नसतात, गडबडतात जरा, गडबडू दे.

आता सही, कारण तो पुस्तकाचा नाही, तुमचा खराखुरा प्रश्न आहे आणि तुम्ही तो पत्रात दोन ओळींत उडवलाय. ताई, तुम्ही रोज काउंटरला बसून लोकांना सही जुळत नाही म्हणून परत पाठवता आणि स्वतः चहा उतू जाईल म्हणून न वाचता सह्या केल्यात! जामीनदार म्हणजे नुसता ओळखीचा साक्षीदार नसतो हे तुम्हाला मी सांगायला नको. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 आहे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर कर्जदाराची जेवढी देणेदारी तेवढीच जामीनदाराची, म्हणजे दिरांचे हप्ते थकले तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते, आधी दिरांची बाग विका मग माझ्याकडे या असं म्हणायची सोय नसते. अवकाळी आली, एखादं वर्ष बाग गेली, तर दिरांची दानत कितीही चांगली असो, हप्ता थकतोच. तर बँकेत जाऊन मंजुरीपत्राची आणि जामीनकराराची प्रत मागा, रक्कम किती, मुदत किती, पुढे कर्ज वाढवलं तर तुम्ही त्यालाही बांधील आहात का ते वाक्य शोधा. रक्कम अजून दिरांच्या खात्यात पडली नसेल तर आत्ताच बोला, तेव्हा बोलणं सोपं असतं. पडली असेल तर माझं नाव काढा म्हणून निघत नाही, बँकेने मान्य करावं लागतं आणि बहुतेक दुसरा जामीनदार द्यावा लागतो, पण मग निदान दर तीन महिन्यांनी खात्याचा उतारा दाखवायचा असं दिरांकडून कबूल करून घ्या. ह्यांना वाईट वाटेल, भावावर विश्वास नाही का वगैरे होईल. सांगा, विश्वास आहे, उताराही हवाय. जाताना लेकीला बरोबर न्या, तिचं इंग्लिश तुमच्यापेक्षा चांगलं आहे आणि तुमचं बँकेचं तिच्यापेक्षा.

दुसरा भाग वाचा, जरूर. लेकीसमोर वाचताना थोडं अवघडल्यासारखं होईल, ही मालिका सुरुवातीला टीनएजर्सची म्हणून विकली आणि पुढे मोठ्यांची म्हणून नव्या कव्हरने काढली, ती उगाच नाही. त्यात फेयरा वाचायला शिकते. शिकवतो ऱ्हायसँड, आणि सरावाला वाक्यं कसली देतो तर स्वतःच्याच कौतुकाची, ऱ्हायसँड किती देखणा आहे वगैरे, हसाल तुम्ही. पुढे रिपोर्ट लपवणारा तो हाच, हे डोक्यात ठेवून वाचा, वेगळीच मजा येते.

आणि ते झालं की अर्सुला ले ग्विनचं द टूम्स ऑफ अटुआन घ्या, 1971 चं, बारीकसं आहे, डिक्शनरी कमी लागेल. टेनार नावाची मुलगी, लहानपणीच देवळात आणून तिचं नावसुद्धा काढून घेतलंय, जमिनीखालचा अंधारा चक्रव्यूह फक्त तिला पाठ आहे, आणि एक दिवस त्यात एक जादूगार चोर सापडतो. इथे पुरुष अडकलाय आणि वाट हिला माहीत आहे, त्याला मरू द्यायचं की नाही ते ही ठरवणार. ते आवडलं तर तेहानू, 1990 चं. ले ग्विनने एवढ्या वर्षांनी टेनारला परत आणलं तेव्हा ती तरणी राहिलेली नाही, शेतकऱ्याची विधवा झालीय, मुलं मोठी होऊन गेलीत, आणि भाजलेल्या एका पोरीला सांभाळतेय, शेतावर मालकी कोणाची यावरून तिचं पोटच्या मुलाशीच वाजतं. तलवार नाही, रोमान्स आहे पण पन्नाशीच्या आसपासच्या दोन दमलेल्या माणसांचा. हे तुम्ही आधी वाचा, लेकीला नंतर द्या, तिला विसाव्या वर्षी ते कदाचित कंटाळवाणं वाटेल, वाटू दे.